मनाचे दुखणे आणि घरचा डॉक्टर

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून साहित्याचा, इतिहासाचा किंवा संतवाङ्मयाचा विषय निघावा, ही श्रोत्यांची अपेक्षा स्वाभाविक आहे. आजचा विषय वरवर पाहता दवाखान्यातला आहे. तरीही तो या वास्तूत उपरा ठरू नये, कारण त्याचे एक मूळ भाषेत आहे. माणूस आपले दुःख कोणत्या शब्दांत सांगतो आणि ऐकणारा त्या शब्दांचा कोणता अर्थ लावतो, यावर या विषयात पुष्कळदा रुग्णाचे भवितव्य अवलंबून असते.

मनाचा आजार घेऊन दवाखान्यात आलेला माणूस ‘माझे मन आजारी आहे’ असे क्वचितच म्हणतो. तो सांगतो की डोके जड झाले आहे, अंगात त्राण उरलेले नाही, छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, हातापायांना मुंग्या येतात. झोप लागत नाही, आणि लागली तरी पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही. अन्नावरची वासना उडाली आहे. स्त्रिया कंबरदुखी सांगतात, अंगावरून पांढरे जात असल्याचे सांगतात. गोव्यात झालेल्या संशोधनात या शेवटच्या तक्रारीचा मनावरील ताणाशी असलेला संबंध स्पष्ट दिसून आला आहे. पुरुष आम्लपित्ताविषयी बोलतात, अशक्तपणाविषयी बोलतात, आणि संध्याकाळी किती पेले होतात याविषयी मात्र मौन पाळतात.

यात लबाडी काही नाही. आपल्या भाषेने मनाची दुखणी शरीराच्या अवयवांत वाटून दिली आहेत. काळजीने काळीज पोखरते, दुःखाने ऊर भरून येतो, भीतीने पोटात गोळा उठतो. भाषेला जे शतकानुशतके ठाऊक आहे, त्याला वैद्यकशास्त्रानेही दुजोरा दिला आहे. नैराश्यात अंग खरोखरच दुखते, भूक खरोखरच मरते, झोप खरोखरच मोडते. रुग्ण सांगतो ते शब्दशः खरे असते. अडचण येते ती ऐकणाराने केवळ अवयव ऐकले आणि माणूस ऐकला नाही म्हणजे.

या आजाराचे नाव मराठीत अजून पुरते स्थिर झालेले नाही. कोणी नैराश्य म्हणतात, कोणी औदासीन्य, कोणी अवसाद. जुना शब्द आहे विषाद. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला त्याच शब्दावरून नाव मिळाले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, कोणत्या वर्गात कोणती गोष्ट सर्वांत प्रभावी याची एक मोठी यादी आहे. त्या यादीत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला अग्रस्थान दिलेले आहे. हे निरीक्षण आजही तितकेच खरे आहे. मधुमेह, हृदयविकार, क्षय अशा दीर्घकाळ चालणाऱ्या आजारांच्या जोडीला नैराश्य आले, की रुग्ण औषधे वेळेवर घेत नाही, पथ्य सांभाळत नाही, तपासणीला जात नाही, आणि मूळ आजारही बळावतो.

मात्र दुःख आणि नैराश्याचा आजार यांतील सीमा ओळखली पाहिजे. घरातले माणूस गेले, नोकरी सुटली, मुलीचे लग्न मोडले, तर मन खचणारच. त्या दुःखाला औषधाची नव्हे, आप्तांची गरज असते. परंतु दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे मन झाकोळलेले राहिले, पूर्वी ज्यात रस होता त्या कशातच गोडी उरली नाही, आणि त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता ढासळली, स्वतःविषयी तुच्छता आणि अपराधीपणा वाटू लागला, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर ती केवळ खिन्नता राहत नाही. तो आजार ठरतो आणि त्याला उपचार आहेत. दुःखाचे कारण समजले म्हणून उपचार अनावश्यक ठरत नाहीत. ‘एवढे घडल्यावर कोणीही खचेल’ हे सांत्वनाचे वाक्य कित्येकदा आजारावर पांघरूण घालते.

हा आजार किती जणांना होतो? १९९० च्या दशकाच्या प्रारंभी जागतिक आरोग्य संघटनेने चौदा देशांतील पंधरा केंद्रांत एक मोठी पाहणी केली. त्या केंद्रांत आपले बंगळूरही होते. सर्वसाधारण डॉक्टरांकडे कोणत्याही तक्रारीसाठी येणाऱ्या रुग्णांपैकी सरासरी २४ टक्क्यांना काही ना काही निश्चित मानसिक विकार असल्याचे तीत आढळले. एकट्या नैराश्याचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते, आणि एकाहून अधिक विकार एकाच वेळी असलेले रुग्णही थोडे नव्हते. म्हणजे ज्या दवाखान्यात सकाळी चाळीस रुग्ण येतात, तेथे त्यांतील चार जण नैराश्याचे असू शकतात. भारतातील राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने बारा राज्यांत केले. नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे त्यातून दिसले. हे ८५ टक्के लोक कोठेच जात नाहीत असे समजण्याचे कारण नाही. त्यांतील पुष्कळ जण गल्लीच्या कोपऱ्यावरील दवाखान्यात जातात, गोळ्या घेऊन घरी येतात, आणि तरीही त्यांच्या खऱ्या आजारावर उपचार होत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांची संख्या वाढली की प्रश्न सुटेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु लंडनमध्ये मायकेल शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य डॉक्टरांच्या दवाखान्यांतील मानसिक आजारांचा अभ्यास करून १९६६ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष वेगळा होता. तज्ज्ञांची फौज वाढविण्यापेक्षा कुटुंबाच्या डॉक्टरचे हात बळकट करावेत, असे त्यांनी सांगितले. भारतातही हा विचार नवा नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यात चंदीगडच्या संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे आणि निम्हान्सने बंगळूरजवळच्या सकलवारा येथे ग्रामीण आरोग्यसेवेत मानसोपचार मिसळण्याचे प्रयोग केले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. बळ्ळारी जिल्ह्यातील अनुभवाच्या पायावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. धोरण कागदावर केव्हाच मान्य झाले होते. ते दवाखान्याच्या टेबलापर्यंत पोहोचायला मात्र फार वेळ लागला.

त्या टेबलावर घडते काय, ते पाहू. बाहेर बाकावर वीस माणसे बसलेली आहेत. डॉक्टरांजवळ एकेका रुग्णासाठी पाच मिनिटे आहेत. बाई सांगतात, अंग दुखते आणि झोप नाही. डॉक्टर रक्तदाब पाहतात, एक टॉनिक लिहून देतात, जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात आणि झोपेची गोळी देतात. बाईंना दोन रात्री झोप लागते, म्हणून त्या पुन्हा तीच गोळी मागतात. डायझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या थोड्या दिवसांपुरत्या उपयोगी पडतात. त्या महिनोन्महिने चालू राहिल्या तर त्यांची सवय जडते, आणि नैराश्य होते तेथेच राहते. डॉक्टरांनी जाणूनबुजून दुर्लक्ष केले, असा आरोप येथे करावयाचा नाही. वैद्यकीय शिक्षणात या विषयाला कित्येक वर्षे मिळालेली जागा अगदी अपुरी होती, आणि रुग्णानेही मनाचा विषय काढला नाही. दोघांनी मिळून शरीराची भाषा बोलली आणि दोघेही त्या भाषेत अडकून पडले.

शिवाय नैराश्य एकटे क्वचितच येते, आणि सर्वसाधारण दवाखान्यातील खरी कसोटी येथेच लागते. सर्वांत जवळचा सोबती म्हणजे चिंताविकार. मन खचलेले आणि त्याच वेळी धास्तावलेले, अशी स्थिती इतकी सामान्य आहे की दवाखान्यात या दोन आजारांची रेघ काटेकोर आखण्याचा आग्रह धरू नये. दोघांच्या उपचारांचा पुष्कळ भाग समान आहे. अचानक येणारे भीतीचे झटके हृदयविकाराचे वाटतात आणि रुग्ण एका ई. सी. जी. वरून दुसऱ्या ई. सी. जी. कडे धावत राहतो. ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो, त्या आजारातही पुढे नैराश्याची भर पडते. रुग्ण खचल्याचे सांगतो, हात तासन्‌तास धुण्याचे लाजेने सांगत नाही.

दुसरा सोबती मद्य. मन दडपलेले आहे म्हणून माणूस पितो, आणि पितो म्हणून मन आणखी दडपते. केवळ नैराश्याची गोळी देऊन बाटलीविषयी न विचारणे, किंवा केवळ दारू सोडण्याचा उपदेश करून आतल्या अंधाराविषयी न विचारणे, हे दोन्ही उपाय अपुरे. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मद्यपानाने हानी होत असलेल्या पुरुषांसाठी एक ते चार बैठकांचे साधे समुपदेशन करून पाहण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुष धोकादायक पातळीखाली आले होते. फरक थोडा दिसतो. परंतु ज्या घरात तो पडतो, त्या घराच्या दृष्टीने तो थोडा नसतो.

तिसरी जोडी बाळंतिणीची. घरात पाळणा हलत असताना आईचे मन खचलेले आहे, हे कोणाला सुचतही नाही. गोव्यातील एका जिल्हा इस्पितळात झालेला आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते. दारिद्र्य आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही त्यामागची महत्त्वाची कारणे होती. बाळ मुलगी आहे की मुलगा, यानेही फरक पडत होता. बाळाला टोचून घेण्यासाठी आई दवाखान्यात येतेच. त्या वेळी बाळाचे वजन होते, पण आईला कोणी काही विचारत नाही.

काही जोड्या अशा आहेत की त्या ओळखल्या नाहीत तर औषधानेच अपाय व्हावा. द्विध्रुवी विकारात माणूस कधी खोल गर्तेत असतो, तर कधी अनावर उत्साहाच्या शिखरावर. गर्तेत असताना तो डॉक्टरांकडे येतो, शिखरावर असताना येत नाही. अशा रुग्णाला केवळ नैराश्याची गोळी दिली तर तो उन्मादात ढकलला जाण्याचा धोका असतो. म्हणून पूर्वी कधी झोपेविना दिवसच्या दिवस उत्साहाने काढले होते काय, पैशाची उधळपट्टी, अखंड बडबड झाली होती काय, हे घरच्यांनाही विचारावे लागते. छिन्नमनस्कतेच्या रुग्णालाही नैराश्य येते, आणि ते त्याच्या मूळ आजाराचे औषध चालू ठेवूनच हाताळावे लागते. वृद्धांमध्ये नैराश्य विसराळूपणाचे सोंग घेऊन येते. स्मृतिभ्रंश समजून ज्यांना एका कोपऱ्यात बसवले, त्यांतील काहींचे मन उपचाराने पुन्हा उजळू शकते. याउलट स्मृतिभ्रंशाची सुरुवातही उदासीनतेने होऊ शकते. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव हेही मरगळीच्या मागे असू शकतात. म्हणूनच हा आजार शरीराची तपासणी जाणणाऱ्या डॉक्टरांच्या हाती प्रथम येणे योग्य आहे.

आता प्रश्न असा की पाच मिनिटांच्या दवाखान्यात हे सर्व कसे साधावे? या प्रश्नाचे एक प्रत्यक्ष उत्तर याच गोमंतकभूमीत शोधले गेले, याचा अभिमान वाटावा. १९९६ मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मानस’ नावाचा प्रयोग केला. मनशांती सुधार शोध या शब्दांवरून ते नाव घेतले होते. १२ सरकारी आरोग्य केंद्रे आणि १२ खाजगी डॉक्टरांचे दवाखाने, अशा २४ ठिकाणी मिळून २,७९६ रुग्णांचा त्यात समावेश होता. निम्म्या ठिकाणी नेहमीची सेवा चालू राहिली. उरलेल्या ठिकाणी वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशक नेमल्या गेल्या. बाहेर बसलेल्या रुग्णांना बारा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली विचारली जाई. ज्यांच्या उत्तरांतून मनाचा त्रास दिसे, त्यांना समुपदेशक आजाराविषयी समजावून सांगत. श्वासाचे व्यायाम, रोजच्या अडचणींतून वाट काढण्याचे साधे उपाय शिकवीत. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर डॉक्टर औषध देत किंवा समुपदेशक ठरावीक बैठकांचे मानसोपचार करीत, आणि तेवढ्याने भागले नाही तर भेट देणाऱ्या तज्ज्ञाकडे प्रकरण जाई. पायरीपायरीने चढत जाणारी ही पद्धत. मनोविकाराचे भयंकर नाव न लावता ‘टेन्शन’सारखे लोकांच्या तोंडचे शब्द वापरण्याचे भान तीत होते.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर सरकारी केंद्रांत या पद्धतीने उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झाले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ४२ ते ४३ टक्के होते. परंतु खाजगी दवाखान्यांत दोन्ही बाजूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे ६४ ते ६६ टक्के निघाले. समुपदेशक असो वा नसो, तेथे रुग्ण सारख्याच प्रमाणात बरे होत होते.

या दुसऱ्या निष्कर्षाकडे अपयश म्हणून पाहता येईल. परंतु त्याचा आणखी एक अर्थ लावता येतो, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. गोव्यातील खाजगी दवाखान्यातला डॉक्टर पुष्कळदा घरचा डॉक्टर असतो. म्हाताऱ्या पिढीच्या तोंडचा तो ‘दोतोर’. त्याला कुटुंब ठाऊक असते, सासूचा संधिवात ठाऊक असतो, आखातात गेलेला मुलगा ठाऊक असतो. रुग्ण दर वेळी त्याच माणसासमोर बसतो. सरकारी केंद्रात गर्दी अधिक, डॉक्टर बदलणारे, वेळ अपुरा. जेथे ओळख, सातत्य आणि ऐकून घेणे आधीच होते, तेथे समुपदेशकाने फारशी भर पडली नाही. जेथे ते नव्हते, तेथे समुपदेशकाने ते आणले आणि रुग्ण त्याच पातळीपर्यंत बरे झाले. ओळख आणि आस्था ही उपचाराची शोभा नसून उपचाराचा एक भाग आहे, असेच हे आकडे सुचवितात.

यानंतर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोव्यातीलच दुसऱ्या अभ्यासाने आणखी एक पाऊल टाकले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत एकच गोष्ट चिकाटीने शिकवली. मन प्रसन्न होण्याची वाट पाहत न बसता, पूर्वी ज्यात अर्थ वाटत होता अशी छोटी कामे पुन्हा हाती घ्यायची. अंगणातली फुलझाडे, देवळातली आरती, शेजारणीकडे जाणे, काहीही. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्क्यांचा आजार ओसरला होता. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. नैराश्यात माणूस कामे सोडतो, कामे सोडल्याने मन आणखी रिते होते, आणि रिते मन उरलीसुरली कामेही सोडायला लावते. ही साखळी कोठेतरी तोडावी लागते, आणि ती मनापेक्षा हातापायांकडून तोडणे सोपे जाते.

या अनुभवांवरून घरच्या डॉक्टरांकडून कोणत्या अपेक्षा ठेवता येतील? त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ व्हावे, अशी कोणाचीच मागणी नाही. रुग्ण पुन्हा पुन्हा येतो आणि तपासणीत काही सापडत नाही, अशा वेळी दोन साधे प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात मन सतत खिन्न राहिले आहे काय? कशातच गोडी वाटेनाशी झाली आहे काय? एकाचेही उत्तर होय असेल तर पुढे विचारावे. तुमच्या दुखण्यात काही नाही, असे सांगून रुग्णाला परत पाठवू नये. त्याचे दुखणे खरे आहे हे मान्य करून, त्याचा मनाशी असलेला संबंध त्याच्याच शब्दांत उलगडून सांगावा.

तिसरा प्रश्न अवघड, पण टाळण्याजोगा नाही. जीव नकोसा होतो काय, तो संपविण्याचा विचार मनात येतो काय? असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने रुग्णाला बहुधा हायसेच वाटते, कारण जी गोष्ट तो कोणापाशी बोलू शकत नव्हता, ती बोलायला आता जागा मिळते. २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. या साऱ्यांमागे आजारच होता असे म्हणता येणार नाही. कर्ज, कलह, व्यसन, छळ अशी कारणे त्यात गुंतलेली असतात. परंतु वेळेवर विचारलेला प्रश्न त्यांतील काहींना अडवू शकला असता, यात संशय नाही.

औषधांविषयी समाजात जितके गैरसमज आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कशाविषयी असतील. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्राम ही नैराश्यावरील औषधे झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होऊ शकते. नेमक्या याच काळात, गुण नाही आणि त्रास मात्र आहे असे म्हणून, रुग्ण गोळी बंद करतो. हे त्याला आधी सांगितले असते तर तो थांबला असता. बरे वाटू लागल्यावरही औषध निदान सहा महिने चालू ठेवावे लागते, आणि बंद करताना डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते. तरुण रुग्णांवर पहिल्या काही आठवड्यांत अधिक लक्ष ठेवावे लागते. म्हणून औषधाच्या चिठ्ठीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढच्या भेटीची तारीख. सौम्य नैराश्यात तर पुष्कळदा औषधावाचूनही, समुपदेशन आणि पुनर्भेट यांवर काम भागते.

तज्ज्ञाकडे केव्हा पाठवावे, याच्याही खुणा स्पष्ट आहेत. आत्महत्येचा पक्का विचार, भास किंवा भ्रम, पूर्वीचा उन्माद, अन्नपाणी वर्ज्य होण्याइतकी तीव्रता, सुटू न शकणारे व्यसन, किंवा योग्य औषधानेही न आलेला गुण. यांपैकी काहीही असेल तर बांबोळीच्या मनोरुग्णालयाचे दार ठोठावण्यात कमीपणा नाही. तेथून परतल्यावर मात्र पुढची वाटचाल पुन्हा घरच्या डॉक्टरांच्याच देखरेखीखाली व्हावी.

कायद्यानेही आता बाजू घेतली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अमलात आला. मानसिक आजारावर उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, असे तो मानतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी साहाय्य देण्याची दिशा त्याने दिली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही कोणाशी तरी बोलता येते.

आणि ग्रंथालय? ग्रंथालयाने दवाखाना होण्याचे कारण नाही. परंतु डॉ. पटेल यांनी मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेवकांसाठी २००३ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकासारखी पुस्तके, आणि मराठीतील सोपी आरोग्यपुस्तके, एका कपाटात सहज हाती लागतील अशी ठेवता येतील. वर्षातून एखादी संध्याकाळ गावातल्या डॉक्टरांना बोलावून या विषयासाठी राखून ठेवता येईल. याहून मोठी एक गोष्ट मात्र ग्रंथालयालाच साधण्यासारखी आहे. वाचनाची गोडी जाणे हे नैराश्याचे एक आरंभीचे चिन्ह आहे. पान उलटते, पण अर्थ मनात उतरत नाही. जो सभासद वीस वर्षे दर शनिवारी पुस्तक बदलायला येत होता आणि तीन महिन्यांत फिरकला नाही, त्याच्या घरी बहुधा पुस्तक परत करण्याचे स्मरणपत्र जाते. त्याऐवजी एखादे ओळखीचे माणूस जावे. त्याने पुस्तकाविषयी विचारू नये, माणसाविषयी विचारावे, आणि गरज दिसली तर त्याला सोबत घेऊन घरच्या डॉक्टरांकडे जावे. शंभर वर्षे ज्या संस्थेने माणसे नावानिशी ओळखून ठेवली, तिच्या नोंदवहीचा याहून चांगला उपयोग दुसरा कोणता असणार?